उभ्या गाडीची बॅटरी

५ नोव्हेंबर, बुधवार

बोलायला माणूस नसलं की मी लिहितो. गुजरातेत ओख्याला ट्रॉलरवर ती सवय लागली. इथं भाट्याला आमच्या घरात तीन माणसं आहेत आणि बोलायला एकही नाही. बाबा ओटीवर बसून जाळं सांधतात. ते जाळं आता कोणी पाण्यात टाकणार नाही, तरी सांधतात. वहिनी चुलीपाशी. मी अंगणात नाहीतर खाडीवर.

दादा गेल्याला दोन महिने झाले. कावीळ झाली, गणपतीच्या आधी गेला. तार ओख्याला आली तेव्हा आमची बोट पाण्यात होती. उतरलो तर तेरावंही होऊन गेलेलं. शेठने सोडायला दिवाळी उजाडली. मला येऊन आठ दिवस झालेत. आठ दिवस एका जागी बसलो, हे माझ्या हिशोबाने खूप झालं. मी मुंबईत हॉटेलात टिकलो नाही, वेंगुर्ल्याच्या होडीवर टिकलो नाही. दादा म्हणायचा, जानू, तुझ्या बुडाला काय लावून धाडलंय देवानं?

आज त्याच्या राजदूत फटफटीवरची ताडपत्री काढली. मागे क्रेट बांधायची लोखंडी चौकट तशीच. दादा पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात म्हावरं घ्यायचा, ते बर्फात घालून हातखंब्याच्या आतल्या वाड्यांत विकायचा आणि बाराच्या सुमाराला जेवायला घरी. त्यावरच घर चालायचं.

वहिनीला म्हटलं, "शुक्रवारपासून गाडी काढतो. दादाचीच वाट धरतो."

"कशाला? ओख्याचा शेठ वाट बघत असेल."

"बघू दे."

तिनं तवा खाली घेतला. परत वर ठेवला. "हॉर्न वाजत नाय तिचा," म्हणाली.

गाडी चालू होते का, हे तिने विचारलंच नाही. बायकांचं डोकं कुठे कुठे असतं.

धक्का मारला तर उतारावर गाडी चालू झाली. पुढचा दिवा इंजिनावर लागतो, तोही लागला. हॉर्न मात्र मुका. बॅटरी मेली आहे. म्हटलं, बॅटरीचं काय एवढं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅटरीचं खूप आहे.

पहाटे बंदरावर गेलो. बांगडा चांगला आला होता. दादाला ओळखणाऱ्या बायकांनी मला लिलावात पुढे घेतलं. क्रेट भरली, निघालो. पहिल्या वाडीच्या पारापाशी गाडी उभी केली. हॉर्न नाही म्हणून तोंडाने ओरडलो, "म्हावरं घ्या, म्हावरंऽऽ!"

माझा आवाज ट्रॉलरवरचा, वाऱ्यात ओरडायची सवय. एक म्हातारा काठी घेऊन बाहेर आला. "कोण भांडतोय रे?"

"भांडत नाय आजोबा. म्हावरं आणलंय."

"मग असा बोंबलतोस कशाला? सून दचकली माझी."

त्याने काही घेतलं नाही. पुढच्या वाडीत तीन वाटे गेले. त्याच्या पुढच्या वाडीत हौसाबाय भेटली, विहिरीवरून येत होती. दादाचं जुनं गिऱ्हाईक. क्रेट बघून थांबली.

"तू दत्तूचा भाव काय? नाक तेच हाय. मग हॉर्न का नाय वाजवलास?"

"बॅटरी गेलीय."

"जल्लां, मग आम्हाला कळायचं कसं? आमी मागल्या दारी कामात. दत्तूचा हॉर्न आला, एक लांब दोन आखूड, की विळी काढायची. पाली गावचा दुसरा येतो त्याचे तीन आखूड. त्याच्याकडे मी जात नाय. त्याचा बांगडा शिळा असतो आणि तो माझ्या जावेचा म्हावरंवाला हाय."

मला हे माहीत नव्हतं. इथं प्रत्येक घराचा म्हावरंवाला ठरलेला आणि प्रत्येक म्हावरंवाल्याचा हॉर्न ठरलेला. दुसऱ्याच्या हॉर्नला कोणी दार उघडत नाही. दादाने हे कधी सांगितलं नाही. विचारलं कोणी होतं?

अर्धी क्रेट परत आली. वहिनीने बांगडे कापून मीठ लावून वाळत घातले.

८ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी आतल्या वाड्यांत म्हावरं कोणी शिवत नाही, म्हणून घरी.

वहिनी आज पूल ओलांडून बाजारात गेली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा बाहेर पडली म्हणे. येताना माझ्यासाठी रबरी भोंपू घेऊन आली. "हा लावा, भावोजी," म्हणाली. "याला बॅटरी लागत नाय. दाबला की वाजतो. बॅटरीच्या नादाला लागू नका."

मला फार बरं वाटलं. भोंपूचं नाही. ती माझ्या धंद्यासाठी एवढी चालत गेली त्याचं.

९ नोव्हेंबर, रविवार

भोंपू हँडलला बांधून गेलो. पहिल्या वाडीत दाबला, पों पों. दारं उघडली! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बघतो तर पोरं. दहा-बारा पोरं नाणी मुठीत धरून धावत आली.

"चार पाव."

"माका बटर."

"नानकटाई हाय काय ओ?"

मी म्हटलं, अरे पाव नाही, बांगडा आहे. एक बारकं पोरगं क्रेटीत डोकावलं आणि भोकाड पसरलं. तेवढ्यात मागून सायकलवर खराखुरा पाववाला आला, त्याच्याही हँडलला तोच भोंपू. खाली उतरला आणि माझ्या भोंपूकडे बोट दाखवून म्हणतो, "पाव विकायला लागलास तर तसं सांग. मी उद्यापासून सुरमई आणतो."

घरी आल्यावर हे सगळं सांगितलं. बाबा ओटीवर हसता हसता खोकले. आणि वहिनी हसली. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सुटला तरी हसत होती. मी नानकटाईवाल्या पोराचा आवाज काढून दाखवला, दोनदा काढला, मग जेवताना परत एकदा.

हॉर्नच पाहिजे. उद्या नाहीतर परवा मिरजोळ्याला जातो. केरू तिथं असतो, दादाची गाडी तोच दुरुस्त करायचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

केरूची टपरी मिरजोळ्याच्या कारखान्यांच्या वाटेवर आहे. मला बघून स्पॅनर खाली ठेवला. मग म्हणाला, "दत्तूची गाडी आली म्हटल्यावर मी उठून उभाच राहिलो बघ."

त्याने बॅटरी काढली. तीन बुचं उघडून आत बघितलं, मला बघायला लावलं. प्लेटा पांढऱ्या पडलेल्या, अ‍ॅसिड तळाला गेलेलं.

"ही वयानं नाय मेली," तो म्हणाला. "मीच घातली होती, वरीस पण नाय झालं. उभ्या गाडीत कोणीतरी हॉर्न वाजवून वाजवून संपवलीय. चालती गाडी बॅटरी भरते. उभी गाडी नुसती खाते. पोरंबिरं खेळली काय?"

म्हटलं, वाडीत पोरं खूप.

"हं. आता नवीन पायजे. तीन तऱ्हा आहेत." त्याने तिन्ही फळीवर मांडल्या. एक जुनीच, पण त्याने आतल्या प्लेटा बदललेली. ती सहा महिने चालेल, फार तर आठ. दुसरी नवीन, कंपनी देते तेवढीच, डब्यात बरोबर बसणारी. दोन वर्षं काढेल. तिसरी नवीन, जास्त प्लेटांची. बोटभर उंच, डब्याचा पट्टा वाकवावा लागेल, पण दिवसभर वाड्यावाड्यांत हॉर्न मारला तरी दमणार नाही. मासेवाल्याला तीच बरी. नीट पाणी घातलं तर तीन-चार वर्षं.

"कुठली घेऊ?"

"ते मी कसं सांगू? तू राहणार किती दिवस, ते सांग. सहा महिन्यांनी ओख्याला पळणार असलास तर चार वर्षांची बॅटरी घेऊन काय करतोस? गाडी परत उभी राहील आणि ती पण अशीच मरेल."

मी स्पॅनर उचलला, परत ठेवला. कोणी मला असं विचारलं नव्हतं कधी. म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो.

"सांग," केरू म्हणाला. "बॅटरी कुठं जात नाय. तूच जातोस."

घरी येऊन वाडीतल्या पोरांना गोळा केलं आणि चांगला दम दिला. दादाच्या गाडीला हात लावायचा नाही. पोरं शपथा घ्यायला लागली. शेजारची काशीकाकी कुडणाच्या कुंपणापलीकडून म्हणाली, "त्यांना कशाला वरडतोस? पोरं शाळेत असायची त्या वेळेला हॉर्न वाजायचा. दुपारचा. जेवायच्या टायमाला, एकदाच. मी म्हणायची, दत्तूचा जीव घुटमळतोय."

काशीकाकीचं वय झालंय. तिला दुपार कुठली, संध्याकाळ कुठली तेही कळत नाही. वहिनीही तिथंच कपडे वाळत घालत होती. तिनं दादाचा एकच सदरा तीनदा पिळला आणि तसाच घेऊन आत गेली. पोरांवर ओरडलेलं तिला आवडलं नसेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस बॅटरीशिवाय डोक्यात काही नाही.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी होडीवाला. मला वारा कळतो. बॅटरी तिला विचार."

वहिनीला तिन्ही बॅटऱ्यांचं सांगितलं. तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं सगळं, मग म्हणाली, "कमी दिवसांची घ्या."

"ती सहा महिन्यांत जाईल."

"जाऊ दे की. भावोजी, तुम्ही रानातल्या पाखरासारखे. कशाला बांधून घेता? आणि ती पण घेतली नाय तरी चालेल. म्हावरं मी नेईन डोक्यावरून बाजारात. माझी आय विकायची."

"मी असताना तू डोक्यावर पाटी घेणार?"

"संपली ती संपू दे ना," ती म्हणाली. सूप तसंच ठेवून उठली.

मला राग आला. माणूस घरासाठी राहायला बघतोय आणि हिला तो गेलेला बरा. मग वाटलं, तसं नसेल. मला अडकवायचं तिच्या जिवावर येत असेल. ती पहिल्यापासून तशीच. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं माझ्या ताटात जास्तीचा तुकडा वाढला होता आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

संध्याकाळी काशीकाकी बाबांशी ओटीवर बोलत बसली होती. मी आत होतो, तरी ऐकू यावं असंच बोलत होती. "तरणी पोर. पोटी काय नाय. तरणा दीर घरात. लोकं किती दिवस गप बसतील, गंगारामदादा? एकतर म्हायेरी धाड, नायतर आपल्यात पाट लागतो, लावून टाक. दत्तू काय नाय म्हणायला येत नाय."

बाबांनी जाळं गुंडाळलं आणि आत निघून आले. मला बघून थांबले. आम्ही दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

म्हातारीला काय दुसरं काम नाही. पाट म्हणे, म्हणजे वहिनीशी लग्न. मला आत्ता फक्त बॅटरी घ्यायची आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठी घेतली. जास्त प्लेटांची.

ओख्याला परत जायला तिकिटाचे बाजूला ठेवले होते, ते केरूच्या हातावर ठेवले. केरूने पैसे मोजले नाहीत, माझ्याकडेच बघत राहिला. "ठरलं तर," म्हणाला.

"ठरलं."

"एकदम कसं काय ठरलं?"

"बाबा म्हातारे झाले."

"ते गेल्या वर्षी पण म्हातारेच होते," केरू म्हणाला आणि बुचं उघडायला लागला.

नव्या बॅटरीत अ‍ॅसिड ओतलं की ती सावकाश चार्ज करावी लागते. मी म्हटलं, लगेच दे. तो म्हणाला, "पहिल्यांदा घाई केलीस तर आयुष्यभर ती अर्धीच भरेल. उद्या शनिवार आहे, तसाही तुला धंदा नाय. उद्या ये."

मग मी त्याला हॉर्नचं सांगितलं. इतके दिवस पडून आवाज घोगरा झाला असेल. मला दादाचाच आवाज पाहिजे. तसाच. हौसाबायला मागल्या दारी कळला पाहिजे.

"मीच जुळवून दिला होता त्याला," केरू म्हणाला. "मागं एक स्क्रू आहे. माझ्या कानात आहे तो आवाज. काळजी नको."

घरी कोणाला काही सांगितलं नाही. वहिनी म्हणेल, एवढी मोठी कशाला. एकदम ऐकू दे. परवा धंदा करून येईन, वळणावर वाजवीन, क्रेट रिकामी दाखवीन. मग बघू काय म्हणते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बॅटरी बसवली. डब्याचा पट्टा वाकवला. केरूने बटणावर माझाच अंगठा ठेवायला लावला. एक लांब, दोन आखूड.

टपरीवर चहा पिणारे दोघे मान वळवून बघायला लागले. केरूने कापडाने हात पुसले. "दत्तू आला," म्हणाला. हसून म्हणाला, पण लगेच दुसऱ्या गाडीखाली जाऊन झोपला.

१६ नोव्हेंबर, रविवार

क्रमाने लिहितो, नाहीतर नीट लिहिता येणार नाही.

सकाळी सौंदाळे आणि बांगडे घेतले. पहिल्या वाडीत हॉर्न मारला. दारं उघडली. पोरं नाही, बायका. ताटल्या घेऊन, भांडी घेऊन, मागे मांजरं. काहीजणी अर्ध्या वाटेत माझ्याकडे बघून थांबल्या, मग आल्या. हौसाबाय आली आणि तिने आधी मलाच शिव्या घातल्या, "मेल्या, अंगावर काटा आणलास." मग डोळे पुसले आणि सौंदाळ्याचे दोन वाटे घेतले. म्हणाली, "आता येत जा रे. आमच्या घरात दोन महिने नीट म्हावरं शिजलं नाय."

अकराच्या आत क्रेट रिकामी. असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. येताना भाट्याच्या पुलावर मी एकटाच मोठ्याने बोलत होतो. वहिनीला काय काय सांगायचं ते जुळवत होतो.

सुरूच्या झाडांपाशी घराचं वळण आहे. तिथं वाजवला. एक लांब, दोन आखूड.

वहिनी धावत बाहेर आली. धावत म्हणजे धावतच. हाताला खोबऱ्याचं वाटण, पायात काही नाही, डोक्यावरून पदर पडलेला. आणि तिचं तोंड. चार वर्षं मी तिला बघतोय, तसं तोंड माझ्यासमोर तिनं कधी केलं नव्हतं. मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. खोटं कशाला लिहू. वळणापासून अंगणापर्यंत तेवढाच वेळ, पण मला तसं वाटलं आणि मी हसलो.

मग तिनं मला पाहिलं. आधीही माझ्याकडेच बघत होती. पाहिलं ते तेव्हा.

"भावोजी होय," म्हणाली.

एवढंच. आवाज मोठा नाही, रागाचा नाही. वाटणाचे हात तसेच पुढे धरलेले. मग वळली आणि आत गेली. मी रिकामी क्रेट खाली उतरवली. ती दाखवायची कोणाला, ते कळेना. म्हणून परत चढवली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कालपासून वहिनी आमची ताटं वाढते आणि मागल्या पडवीत जाऊन बसते.

मी बाबांना म्हटलं, "मी काय चुकलो? हॉर्न तर हुबेहूब जुळवून आणला."

बाबा जाळ्याची गाठ मारत होते. मारून झाली तरी मान वर केली नाही. "तीच वाजवायची," म्हणाले.

"कोण?"

"गुणवंती. तुझी वहिनी. तेराव्यापासून. बारा वाजले की जायची, ताडपत्री वर करायची आणि एकदा वाजवायची. दत्तू वाजवायचा तसा. मग आत येऊन मला भात वाढायची. मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. रोज आवाज बारीक होत गेला. मला वाटलं माझेच कान गेले. एक दिवस बटण दाबलं तर नुसती खरखर झाली. त्या दिवशी रडली. दत्तूला नेला तेव्हा पण रडली नव्हती, त्या दिवशी रडली."

"मला सांगायचं नाही होय?"

"तू पोरांना दम देत होतास."

मी उठून खाडीवर गेलो. भरती होती. किनाऱ्याने चालत राहिलो आणि परत आलो. तिच्यासाठी तो आवाज मरून संपला होता. मी मिरजोळ्याला जाऊन सगळ्यात टिकाऊ बॅटरी बघून आणली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पडवीत गेलो. ती वाळलेले बांगडे डब्यात भरत होती. म्हटलं, "वहिनी, हॉर्न बदलतो. दुसरा लावतो."

"मग त्या बायका येतील काय बाहेर?"

"येतील हळूहळू."

"नाय येणार. कालच ना म्हणालात, दोन महिने नीट शिजलं नाय म्हणून." तिनं हे ऐकलं होतं. मी बाबांना सांगत होतो तेव्हा. "बदलू नका. धंदा तुम्हाला चांगला जमेल."

"मग घराजवळ वाजवणार नाही. पुलावरच बंद करीन गाडी, ढकलत आणीन."

"भावोजी," ती म्हणाली, "तुम्ही नाय वाजवलात तरी माझे कान बाराला त्या वळणावरच असतात. इतके दिवस कोणी येत नव्हतं. आता रोज कोणतरी येणार." डब्याचं झाकण बसत नव्हतं, ते दाबत राहिली. "दादूला निरोप धाडलाय. उद्या येईल न्यायला."

दादू तिचा भाऊ, जयगडला असतो.

मी म्हणायला पाहिजे होतं काहीतरी. ओठावर होतं. मी ते झाकण तिच्या हातातून घेतलं आणि बसवून दिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बुधवार धंद्याचा दिवस. गेलो नाही.

दादू सकाळी आला. भला माणूस. चहा बशीत ओतून प्यायला आणि बाबांना म्हणाला, "वर्षश्राद्धाला घेऊन येईन तिला." बाबा म्हणाले, "आण हां." दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं, चहा मात्र दोघांनी संपवला.

तिची एक पेटी, एक बोचकं. स्टँडपर्यंत चालत जाणार होती. मी म्हटलं, पेटी तरी गाडीवर घेतो. दादू म्हणाला, "तिलाच ने की रे मागे बसवून, मी येतो चालत."

वहिनीने मान हलवली. "मागची जागा क्रेटीची हाय आता," म्हणाली.

बाबांच्या पाया पडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरले. काशीकाकी कुडणाशी उभी होती. मग वहिनी माझ्याकडे वळली. तिनं मला सांगितलं, तांदूळ कुठल्या डब्यात आहे, कोकमं कुठल्या, बाबांना कडक भात गिळवत नाही. शेवटी म्हणाली, "त्या बॅटरीत वेळेवर पाणी घालत जा. त्यांना कधी आठवण राहायची नाय, मीच सांगायची."

मी म्हटलं, "घालीन."

पुलापर्यंत पेटी घेऊन गेलो. तिथं दादूने ती माझ्याकडून घेतली. पुलावर वारा होता. ती मागे वळली नाही. वळावं असं मला वाटत होतं आणि वळू नये असंही वाटत होतं, कारण वळली असती तर परत तिला मीच दिसलो असतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भात मी केला. खाली लागला, वर कच्चा. बाबांनी निम्मा खाल्ला, ताट सरकवलं.

"तिला आणायला जा," म्हणाले.

"कोण म्हणून जाऊ?"

बाबांनी अडकित्ता घेतला. सुपारी कातरली, तोंडात टाकली नाही. मग म्हणाले, "काशी बोलते ते अगदीच वावगं नाय. आपल्यात पाट लागतो. माझ्या चुलत्याने लावला होता. मी दादूशी बोलतो. तुझं मन मला कळत नाय असं नको समजू. ओख्याला असताना तू महिन्या-दोन महिन्यांनी पत्र धाडायचास, त्यात पण 'वहिनीस नमस्कार' आधी आणि मग आम्ही."

माझं मन त्यांना कळलं होतं. मला आत्ता कळत होतं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. मी ताटं उचलली, परत खाली ठेवली.

"बाबा, रविवारी तुम्ही ओटीवर होता. ती धावत आली ते तुम्ही पाठीमागून बघितलंत. मी समोर होतो. मी तिचं तोंड बघितलं. आधीचं पण आणि नंतरचं पण."

"होईल हळूहळू."

"नाही होणार. मी रोज बाराला घरी येणार आणि रोज ती दोन्ही तोंडं करणार. कधी दाखवील, कधी लपवील. मला ते बघवणार नाही, आणि तिच्यावर ते लादायचं तर त्याहून नाही."

बाहेर कोणाची तरी होडी किनाऱ्यावर ओढत होते, त्यांचा हाकारा ऐकू येत होता.

"मग ओख्याला जा," बाबा म्हणाले. "माझं मी बघेन. तुझं इथं काय हाय आता? तुला एका जागी ठेवायला दत्तूला पण जमलं नाय, मला कुठून जमणार?"

जाता आलं असतं. तिकिटाचे पैसे काशीकाकीनेसुद्धा दिले असते. एवढं वाईट झालं असताना इथून उठून जावंसं वाटलं नाही, असं हे पहिल्यांदाच.

"उद्या शुक्रवार आहे," मी म्हटलं. "हौसाबाय वाट बघेल."

बाबांनी सुपारी तोंडात टाकली. थोड्या वेळाने विचारलं, पहाटे किती वाजता उठवू.